रीस्टार्ट केल्यावर येणारा आणि पुन्हा जाणारा आवाज: लिनक्स डेस्कटॉपवर काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. फायरफॉक्समध्ये व्याख्यान सुरू आहे, चित्र हलतंय, आवाज मात्र नाही. त्याच मशीनवर व्हीएलसीत गाणं लावलं तर स्वच्छ ऐकू येतं. रीस्टार्ट केलं की कधी दोन्हीकडे आवाज येतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर घरातले आणि अभ्यासिकांमधले जुने डेस्कटॉप मिंट किंवा उबुंटूवर (या लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्त्या) नेणं हा सरळ मार्ग आहे. नाशिकरोडला, सिडकोत, कॉलेज रोडला जी वापरलेली चौथ्या पिढीची इंटेल मशीन घेतली जातात, त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालतं. आवाजाच्या बाबतीत मात्र त्यांच्या दोन-तीन ठरलेल्या खोडी आहेत आणि त्या खाली येतीलच. आधी एक गोष्ट पक्की धरा: एका ॲपला आवाज आहे आणि दुसऱ्याला नाही, तर ड्रायव्हर बिघडलेला नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकणं किंवा अख्खी सिस्टम नव्याने बसवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. फॉरमॅट करून प्रश्न सुटला असं वाटतं, कारण जुनी चुकीची नोंद पुसली जाते. ती नोंद तेवढी पुसायला एक मिनिट पुरतं.

कमांडबद्दल एक सूचना. त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. जोडरेघा आणि मोकळ्या जागा दिसतात तशाच ठेवा. मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आवाजाचा रस्ता

ॲपमधून निघालेला आवाज थेट स्पीकरला जात नाही. सगळ्यात खाली कर्नलमधला (सिस्टमच्या गाभ्यातला) अल्सा असतो, तो साउंड कार्डाशी बोलतो. त्याच्यावर पाइपवायर किंवा जुन्या सिस्टमवर पल्सऑडिओ असतो. सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून कोणता कुठे पाठवायचा, हे काम त्याचं. पाइपवायरबरोबर वायरप्लंबर नावाचा कारभारी असतो. कोणतं ॲप कोणत्या स्पीकरला जोडायचं हे तो ठरवतो आणि लक्षातही ठेवतो. फेडोरा या डिस्ट्रोत पाइपवायर २०२१ साली आवृत्ती ३४ पासून आला, उबुंटूत २२.१० पासून, मिंटमध्ये २२ पासून. म्हणजे मिंट २१ वर अजून पल्सऑडिओच आहे. त्यामुळे इंटरनेटवरचा एखादा सल्ला शेजारच्या मशीनवर चालतो आणि तुमच्यावर चालत नाही.

आपल्याकडे काय आहे ते असं पाहा:

पीएसीटीएल इन्फो

उत्तरात सर्व्हर नेमची ओळ शोधा. तिथे पल्सऑडिओच्या पुढे पाइपवायर आणि आवृत्तीचा आकडा दिसला तर पाइपवायर चालू आहे. नुसतं पल्सऑडिओ असेल तर जुनी व्यवस्था.

पहिली दोन मिनिटं

पॅव्हूकंट्रोल हे ॲप नसेल तर टाकून घ्या, सगळ्या डिस्ट्रोत ते याच नावाने मिळतं. सेटिंग्जमधल्या आवाजाच्या पानापेक्षा ते कितीतरी जास्त दाखवतं. आता ज्या ॲपला आवाज नाही, त्यात काहीतरी वाजतं ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण प्लेबॅक टॅबमध्ये ॲपची पट्टी वाजत असतानाच दिसते. बंद ॲप तिथे शोधत बसू नका.

पट्टी दिसत नसेल, तर ॲपने आवाज पाठवलेलाच नाही. दोष ॲपमध्ये, त्याच्या परवानगीत किंवा कोडेकमध्ये (दाबून साठवलेला आवाज उलगडणारा भाग) आहे. पट्टी दिसते पण खालची हिरवी-निळी रेघ हलत नाही, तर ॲप जोडलं गेलंय पण शांतता पाठवतंय. ब्राउझरमध्ये टॅब म्यूट असेल किंवा व्हिडिओच्या खिडकीतला स्पीकर बंद असेल तर असं होतं. पट्टी आहे आणि रेघही हलतेय, तरी कानाला काही नाही? मग ॲपने त्याचं काम केलंय, आवाज भलत्याच दारी चाललाय. नेहमी परत येणारी तक्रार बहुधा या तिसऱ्या प्रकारची असते.

त्या पट्टीवरच उजवीकडे आवाज कुठे चाललाय त्या उपकरणाचं नाव असतं. तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट लिहिलेलं असेल आणि तुमचे स्पीकर मागच्या हिरव्या जॅकला असतील, तर कारण सापडलं. यादीतून अॅनालॉग निवडा, आवाज लगेच येईल.

पण इथे थांबलात तर तक्रार पुन्हा येईल.

मग ती पुन्हा का येते

वायरप्लंबर प्रत्येक ॲपसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवतो: आवाज किती, म्यूट आहे का, आणि हाताने बदललं असेल तर कोणत्या उपकरणाकडे पाठवायचं. कधीतरी टीव्हीवर सिनेमा पाहताना तुम्ही फायरफॉक्स एचडीएमआयला वळवलेला असतो. टीव्ही काढला की ते उपकरण नाहीसं होतं, म्हणून फायरफॉक्स मुकाट्याने मुख्य स्पीकरवर येतो. सगळं ठीक वाटतं. पुढच्या वेळी एचडीएमआय मॉनिटर जोडला की जुनी नोंद जागी होते आणि फायरफॉक्स पुन्हा तिकडे जातो. त्या मॉनिटरला स्पीकर नसला तरी तो आवाज घेतो म्हणून सांगत असतो, मग आवाज हवेत विरतो. व्हीएलसीबद्दल अशी नोंद नसते, म्हणून तो वाजतो.

अजून एक बारकावा आहे. काही प्लेअर स्वतःची नोंद नावाऐवजी संगीत, सूचना अशा भूमिकेने करतात. एकाच भूमिकेची दोन ॲप एकच नोंद वापरतात. एकाचा आवाज शून्य केला की दुसरंही पुढच्या वेळी मुकं उघडतं. मेल आल्याचा टिंग अचानक बंद झाला असेल, तर पॅव्हूकंट्रोलच्या प्लेबॅक टॅबमध्ये सिस्टम साउंड्सची पट्टी म्यूट आहे का ते आधी पाहा.

नोंदी पुसायच्या तर वायरप्लंबर आधी थांबवावा लागतो. चालू असताना फाइल काढली तर तो स्वतःच्या मेमरीतून ती पुन्हा लिहितो, आणि पुसूनही फरक पडला नाही असं वाटतं.

सिस्टमसीटीएल --युजर स्टॉप वायरप्लंबर

आता फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडा, कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. डॉट-लोकल, त्यात स्टेट, त्यात वायरप्लंबर हा फोल्डर आहे. तो काढण्याऐवजी नाव बदलून ठेवलंत तर परत फिरता येतं. मग:

सिस्टमसीटीएल --युजर स्टार्ट वायरप्लंबर

पल्सऑडिओवर हीच नोंद डॉट-कॉन्फिग फोल्डरातल्या पल्समध्ये असते. त्याचं नाव बदलून मशीन रीस्टार्ट करा.

जिथे सुडो लिहिलेला नाही अशी कुठलीही कमांड सुडो (रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणं) लावून देऊ नका. पाइपवायर प्रत्येक युजरचा वेगळा चालतो, रूटचा नाही. ब्राउझर किंवा प्लेअर सुडोने उघडला तर त्याला आवाज मिळत नाहीच, वर होम फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि पुढे सेटिंग जतनच होत नाही. असं झालं असेल तर वरच्या दोन फोल्डरांची मालकी चाउन कमांडने आपल्या नावावर परत घ्या. तेवढ्यापुरता सुडो लागतो.

मुख्य उपकरण ठरवून टाका

डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस

सिंक्सखाली सगळी आउटपुट दिसतात. ज्याच्या डावीकडे चांदणी, ते मुख्य. ओळीच्या सुरुवातीचा आकडा घ्या, समजा ५२, आणि लिहा:

डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट ५२

हा आकडा दर वेळी बदलू शकतो, म्हणून तो कागदावर टिपून ठेवण्यात किंवा स्क्रिप्टमध्ये घालण्यात अर्थ नाही. निवड नावाने जतन होते, ती टिकते.

एचडीएमआयचा आवाज कधीच लागत नसेल तर सगळ्यात पक्का उपाय पॅव्हूकंट्रोलच्या शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये आहे. एचडीएमआयचं कार्ड वेगळं दिसत असेल तर त्याचं प्रोफाइल ऑफ करा. उपकरण उरलंच नाही तर आवाज तिकडे जाणार कसा? बिल्ट-इन ऑडिओ असं एकच कार्ड दिसत असेल, तर तिथे अॅनालॉग स्टीरिओ डुप्लेक्स निवडा. अशा कार्डावर एका वेळी एकच प्रोफाइल चालतं: अॅनालॉग किंवा एचडीएमआय. एचडीएमआयचं प्रोफाइल निवडलेलं असताना हिरव्या जॅकचे स्पीकर यादीतून गायब असतात, आणि लोक ते स्पीकर बिघडले समजून बाजूला ठेवतात.

चौथ्या पिढीची मशीन

वापरलेल्या डेस्कटॉपमध्ये इंटेलची चौथी पिढी असेल तर हे जरूर पाहा:

एप्ले -एल

इथला एल लहानच. या पिढीत एचडीएमआयचा ऑडिओ कंट्रोलर वेगळा आहे आणि तो बहुतेक वेळा कार्ड शून्य होतो. मागच्या जॅकचा, पीसीएच नावाचा, कार्ड एक. पाइपवायरमधून जाणाऱ्या ॲपला याने फरक पडत नाही. पण जी जुनी ॲप थेट अल्साशी बोलतात ती कार्ड शून्य उघडतात, म्हणजे एचडीएमआय, आणि मुकी राहतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला आणि चांगला: पाइपवायर-अल्सा हे पॅकेज टाका. त्याने अल्साचं डिफॉल्ट उपकरणच पाइपवायरकडे वळतं. दुसरा: इटीसी फोल्डरातल्या मॉडप्रोब.डी मध्ये डॉट-कॉन्फ शेवट असलेली नवी फाइल करून ही एक ओळ लिहा आणि रीस्टार्ट करा.

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल इंडेक्स=१,०

आता कार्डांची अदलाबदल होते. ज्या मशीनवर एप्ले एकच कार्ड दाखवतं तिथे ही ओळ लिहू नका.

खालचा थर ठीक आहे का याची खात्री हवी असेल तर सगळी वाजणारी ॲप बंद करा, दहा सेकंद थांबा आणि थेट कार्डावर आवाज पाठवा:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:पीसीएच,० -सी २ -टी डब्ल्यूएव्ही

यातला डी आणि पीसीएच मोठ्या अक्षरांत. थांबायचं अशासाठी, की पाइपवायर शेवटचा आवाज संपल्यावर साधारण ५ सेकंदांनी कार्ड मोकळं करतो, त्याआधी उपकरण व्यस्त असल्याची चूक येते. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट असं ऐकू आलं तर कार्ड, ड्रायव्हर, वायर, स्पीकर सगळं निर्दोष आहे, वरच्या थरांत शोधा. ऐकू आलं नाही तर अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून पीसीएच कार्ड निवडा. पट्टीखाली एमएम असेल तर ती म्यूट आहे. एम दाबल्यावर ००  दिसलं की चालू. उजवीकडे सरकत जा, ऑटो-म्यूट मोड सापडेल. पुढच्या हेडफोन जॅकच्या आतली संपर्कपट्टी धुळीने किंवा पावसाळ्यातल्या दमटपणाने अडकली, की कार्डाला हेडफोन लावलेलाच आहे असं वाटतं आणि ते मागचे स्पीकर बंद ठेवतं. ऑटो-म्यूट डिसेबल्ड करून आवाज आला तर जॅक साफ करून घ्या.

अभ्यासिकेतलं एक मशीन, चार खाती

एका विद्यार्थ्याने लॉगआउट न करता स्विच युजर केलं, दुसरा बसला आणि त्याला आउटपुटमध्ये फक्त डमी आउटपुट (नावापुरतं, खरं कार्ड नसलेलं) दिसतं. मुक्त विद्यापीठाची व्याख्यानं ऐकायला आलेल्याने अशा वेळी हेडफोन तीनदा बदलून पाहिलेला असतो. कारण वेगळंच आहे. समोर बसलेल्या युजरला कार्डाची परवानगी सिस्टम आपोआप देते आणि उठलेल्याची काढून घेते. पण जुन्या सल्ल्यांवरून युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये टाकलेलं असेल, तर त्याची परवानगी कायमची होते. तो उठला तरी त्याचा पाइपवायर कार्ड धरून बसतो. ग्रुप्स ही कमांड प्रत्येक खात्यातून देऊन पाहा. ऑडिओ दिसलं तर:

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी युजरनाव ऑडिओ

इथला डी लहान. मग मशीन रीस्टार्ट करा. साध्या डेस्कटॉपवर कुणालाच ऑडिओ ग्रुपची गरज नसते.

डमी आउटपुट एकट्या युजरलाही दिसत असेल तर कार्ड कुणीतरी अडवलंय किंवा कर्नलला ते सापडलंच नाही. अडवणारा असा सापडतो:

सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*

पाइपवायर आणि वायरप्लंबरची नावं दिसणं योग्यच. पीसीएमने सुरू होणाऱ्या आणि पी अक्षराने संपणाऱ्या ओळीत दुसरं ॲप दिसलं तर तोच तो. शेवटचं पी म्हणजे वाजवणं, सी म्हणजे रेकॉर्डिंग. हे ॲप बहुधा ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी असतं. पंचवटीतल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत कापताना बाकी सगळं मुकं होत असेल, तर तिच्या ऑडिओ सेटिंगमध्ये उपकरण म्हणून एचडब्ल्यूने सुरू होणारं नाव निवडलेलं आहे. त्याऐवजी डिफॉल्ट, पल्स किंवा पाइपवायर घ्या. व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ इथे आउटपुट मॉड्यूल ऑटोमॅटिक करा.

एप्ले कार्डच दाखवत नसेल आणि लॅपटॉप २०१९ नंतरचा असेल, तर साउंड ओपन फर्मवेअरचं (साउंड चिपला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज राहिलं असण्याची शक्यता मोठी. डेबियन आणि उबुंटूत त्याचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरात अल्सा-एसओएफ-फर्मवेअर. विंडोजबरोबर ड्युअल बूट असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एकदा मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, अर्ध्या मिनिटाने चालू करा. काही रिअलटेक चिपा विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच अडकून राहतात, नुसत्या रीस्टार्टने सुटत नाहीत.

पट्टीच दिसत नाही तेव्हा

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या ॲप बंदिस्त पॅकमध्ये देण्याच्या पद्धती आहेत, त्यांना आवाजाची वेगळी परवानगी लागते. फ्लॅटपॅक ॲप असेल तर फ्लॅटसील या परवानग्या दाखवणाऱ्या ॲपमध्ये ते उघडून सॉकेट्सखाली पल्सऑडिओ चालू आहे का पाहा. स्नॅप असेल तर स्नॅप कनेक्शन्स आणि ॲपचं नाव द्या. ऑडिओ-प्लेबॅकसमोर नुसती आडवी रेघ असेल तर जोडणी तुटलेली आहे, स्नॅप कनेक्ट कमांडने ती जोडा. माइकसाठी ऑडिओ-रेकॉर्ड ही वेगळी जोडणी आहे आणि ती बऱ्याच ॲपना आपोआप मिळत नाही.

एकाच व्हिडिओला आवाज नसेल, बाकीच्यांना असेल, तर कोडेक. तोच व्हिडिओ व्हीएलसीत लावा, कंट्रोल आणि जे दाबा, ऑडिओच्या ओळीत एएसी, एसी३, डीटीएस यांपैकी काय आहे ते दिसेल. उबुंटू आणि मिंटवर जीस्ट्रीमर१.०-लिबएव्ही टाकल्यावर सिस्टमचा प्लेअरही वाजू लागतो. फेडोरात यासाठी आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा पॅकेजसाठा जोडावा लागतो.

वाइनमधल्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) जुन्या ३२ बिटच्या शैक्षणिक सीडीला आवाज नसेल, तर सिस्टमवर ६४ बिटच्याच लायब्ररी असण्याची शक्यता असते. उबुंटूवर लिबअसाउंड२-प्लगइन्स हे पॅकेज शेवटी :आय३८६ लावून टाका.

आवाज येतो, पण फुटतो

नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग हे इथे उत्तम तपासणीचं साधन आहे. ढोलाचा ठोका आधीच डिजिटल मर्यादेला टेकलेला असतो. पॅव्हूकंट्रोलची पट्टी १०० टक्क्यांच्या वर, थेट १५३ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ११ डेसिबल वाढ. तेवढी जागाच नसल्याने ठोक्याचं टोक कापलं जातं आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. ॲप आणि आउटपुट दोन्ही १०० किंवा खाली ठेवा, हवा तेवढा आवाज स्पीकरच्या बटणाने वाढवा.

पट्टी १०० च्या खाली असूनही चर्रचर्र येत असेल तर पीडब्ल्यू-टॉप चालवा आणि ईआरआर रकाना बघा. आकडा वाढत असेल तर प्रोसेसर वेळेत पुरा पडत नाही. नेहमीचा बफर (एका वेळी तयार ठेवलेला आवाजाचा तुकडा) १०२४ नमुन्यांचा, ४८००० हर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. ब्राउझर आणि गेम कधी याहून लहान बफर मागतात, जुन्या मशीनला तो झेपत नाही. तात्पुरता मोठा करून पाहा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८

सुमारे ४३ मिलिसेकंद झाले. चर्रचर्र थांबली तर कारण पक्कं. २०४८ च्या जागी ० दिलं की पूर्ववत. रेकॉर्डिंग करताना ऐकत असाल तर एवढा उशीर जाणवतो, तेव्हा १०२४ वरच या.

आवाज सुरू होताना टक् होतं आणि पहिला शब्द अर्धा कापला जातो, हा वेगळा दोष. कार्ड झोपलेलं असतं, उठायला वेळ घेतं. मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत ही ओळ लिहा, रीस्टार्ट करा:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०

लॅपटॉपवर बॅटरी थोडी जास्त जाईल. डेस्कटॉपवर काहीच तोटा नाही.

ब्लूटूथ हेडफोनवर मीटिंग सुरू होताच गाणं टेलिफोनसारखं वाजतं, कारण ए२डीपी या चांगल्या आवाजाच्या ब्लूटूथ प्रोफाइलमध्ये माइक नसतो. ॲपने हेडफोनचा माइक मागितला की ते हेडसेट प्रोफाइलवर जातं, तिथे ८००० किंवा १६००० हर्ट्झचा मोनो आवाज असतो. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा, हेडफोन ए२डीपीवरच राहील.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल, तर बिघाड चालू असताना, ॲप वाजतं ठेवून, पीएसीटीएल इन्फो, डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस आणि एप्ले -एल या तिघांचं पूर्ण उत्तर कॉपी करून पाठवा. डिस्ट्रोची आवृत्ती लिहा, ॲप स्नॅपचं की फ्लॅटपॅकचं तेही. रीस्टार्ट केल्यानंतरचं उत्तर पाठवू नका, त्यात दोष दिसत नाही.